मागील बाकी

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तीन गोष्टी लिहिल्या जातात. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि खारीचं वजन. खाडे मी लिहिते, बाकीचं नवरा.

खारी म्हणजे आमची गिनीपिग. आधी दोघी होत्या, खारी आणि बटर. लेक सातवीत असताना तिच्या हट्टापायी घरात आल्या आणि अंगाच्या रंगावरून तिनेच ही बेकरीतली नावं ठेवली. बटर मागच्या दिवाळीच्या आधी गेली. त्याच वर्षी लेक बी. फार्मसाठी नागपूरला गेली आणि पुण्यातल्या या फ्लॅटमध्ये खारी, मी, नवरा आणि माझी आई असे चौघे उरलो. खारी आता सहा वर्षांची आहे. गिनीपिग साधारण पाच ते आठ वर्षं जगतात, म्हणजे घरात दोन म्हाताऱ्या झाल्या, असं आई स्वतःच म्हणते.

वजनाची सवय बटरच्या वेळची. तिचे दात वाढायचे. यांचे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात, आणि मागच्या दाढा वाकड्या वाढल्या की जीभच अडकते. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठवड्यातून एकदा वजन करा, हा प्राणी दुसरं काही सांगणार नाही. म्हणून दर रविवारी पोहे झाले की कणिक मोजायच्या काट्यावर प्लॅस्टिकचा डबा, डब्यात ढोबळी मिरचीची एक फोड आणि फोडीमागे खारी. ती चावण्यात गुंग असेपर्यंत आकडा स्थिर होतो. नवरा आकडा वाचून पानावर लिहितो. सहा महिन्यांत एकही रविवार चुकला नव्हता, याचा आम्हाला थोडा अभिमानही होता.

एप्रिलच्या सुरुवातीला पहिली गोष्ट झाली ती म्हणजे फ्रिज उघडल्यावर शिट्टी येईना. गिनीपिग पाळलेल्यांना हे सांगायला नको. फ्रिजचं दार किंवा कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज झाला की हे एवढंसं जनावर कुईऽऽ कुईऽऽ करत घर डोक्यावर घेतं. मी पिशवी काढली, चुरचुर आवाज झाला, तरी पिंजऱ्यात शांतता. जवळ नेली तर खाल्ली तिने. मी म्हटलं, वय झालं, कानाला कमी ऐकू येत असेल.

मग ती कोपऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या घरात जास्त वेळ बसायला लागली. पाठ गोल करून, केस फुलवून. मी म्हटलं, उन्हाळा आहे. तीस अंशांच्या वर गेलं की यांना सोसत नाही, आणि आपल्याकडे पारा चाळिशीला टेकलेला. पंखा लावला, गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवली. पायाशी येऊन घोटाभोवती गोल फिरायची, तेही थांबलं. तेव्हा नवरा म्हणाला, बटर गेल्यापासून उदासच आहे ती. प्रत्येक गोष्टीला एक कारण होतं आणि कारण मिळालं की आम्ही निर्धास्त.

तिसऱ्या रविवारी काट्यावर ८९३ आलं. नवऱ्याने लिहिलं. वर ९२६, त्यावर ९४१. "उन्हात सगळेच उतरतात," मी पोह्यांची बशी विसळता विसळता म्हणाले.

त्या संध्याकाळी मी पिंजऱ्यातलं दुपटं बदलत होते. आईच्या जुन्या सुती साड्यांची दुपटी करून खाली घालतो आम्ही. त्या दिवशीचं पांढऱ्या साडीचं होतं, म्हणून दिसलं. एका कडेला रुपयाएवढा गुलाबी डाग. आदल्या दिवशी तिला बीटाची साल दिली होती, तेव्हा मी त्याचाही हिशेब लावला. बीटाने लघवी रंगते, आणि यांची लघवी कधीकधी सुकल्यावर आपोआपच तांबूस दिसते, हे दोन्ही खरंच आहे. मी ते दुपटं घेऊन धुवायला निघालेही होते.

आई पलीकडे खुर्चीवर शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "अगं, थांब. इकडे बघ."

खारी मागचा भाग किंचित उचलून उभी होती. हलत नव्हती. मग एक बारीक आवाज आला. शिट्टीसारखा नाही, तेल न घातलेल्या बिजागरीसारखा. खाली दोन थेंब पडले आणि ती पुन्हा तशीच उभी.

"हिला उन्हाळी लागलीय," आई म्हणाली. "कळतंय ना, जळजळतंय तिला."

मी कागदी रुमाल आणून ते थेंब टिपले. बीटाचा रंग जांभळट असतो. हा लाल होता.

रुमाल हातात धरून मी स्वयंपाकघरात गेले आणि कालनिर्णयचं पान मागे उलटलं. मार्चचे रविवार होते ९७२, ९७४, ९६८, ९५५. एप्रिलचं पान लावलं तेव्हा हे सगळं मागे गेलं होतं आणि आम्ही दोघांनीही पुन्हा मागे पाहिलं नव्हतं. एप्रिलच्या पानावर जेमतेम पन्नास ग्रॅमची घट दिसत होती. दोन्ही पानं धरली तर एक्क्याऐंशी. ऐकायला काहीच वाटत नाही. पण ९७४ ग्रॅमच्या जिवातून एक्क्याऐंशी म्हणजे माझ्या वजनात पाच किलो. पाच आठवड्यांत माझं पाच किलो वजन उतरलं असतं तर मी 'उन्हाळा आहे' म्हणून बसले नसते. किंवा कदाचित खूश होऊन बसले असते, ते सोडा.

शिकार होणाऱ्या प्राण्यांचं असंच असतं म्हणतात. कळपात जो लंगडेल तो आधी जाईल, म्हणून दुखणं लपवायचं. गिनीपिगचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले, वरून ससाणा आणि खालून कोल्हा अशा जागी वाढलेले. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पिंजऱ्यात सहा वर्षं कोथिंबीर खाऊनही ती भीती काही जात नाही. फक्त वजन लपवता येत नाही, आणि तेवढीच एक गोष्ट आमच्याकडे लिहिलेली होती.

रविवारची रात्र. जवळच्या, रात्री उघड्या असलेल्या एका दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर तरुण होते, वागायला चांगले होते, आणि त्यांनी सरळ सांगितलं की कुत्री-मांजरं सोडून फारसं काही येत नाही इथे. पोट चाचपलं, ताप पाहिला, आणि लघवीच्या जंतुसंसर्गावर एक अँटिबायोटिक सिरप दिलं. दिवसातून दोनदा अर्धा मिली. नाव अमॉक्सिसिलिन. आपल्याकडे घशाला, दाताला, कुणालाही देतात तेच. ओळखीचं नाव पाहून मला उलट बरं वाटलं.

घरी येऊन सिरिंजमध्ये औषध भरलं आणि लेकीला बाटलीचा फोटो पाठवला. खरं तर तिला कळवायचंच नव्हतं, परीक्षा चालू होती. पण डोस बरोबर आहे ना एवढंच विचारायचं होतं. दोन मिनिटांत फोन.

"आई, ते दिलंस का?"

"आत्ता देते."

"देऊ नकोस. खाली ठेव. ठेवलंस का? ठेवलंस ते सांग आधी."

मग ती बोलत राहिली आणि मी सिरिंज ओट्यावर ठेवून ऐकत राहिले. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं गिनीपिगला तोंडाने दिली की त्याच्या आतड्यातले उपयोगाचे जंतू मरतात. गवत पचवायचं सगळं काम त्या जंतूंवर चालतं. ते गेले की क्लॉस्ट्रिडियम नावाचे दुसरे जंतू माजतात, विष तयार होतं, जुलाब लागतात आणि काही दिवसांत जनावर जातं. आजार बरा होण्याआधीच. तिला हे कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. बटरच्या दुखण्यात, दहावीत असताना, तिने वहीत लिहून ठेवलं होतं. बटरला पाहणाऱ्या डॉक्टर मॅडम गावाच्या दुसऱ्या टोकाला बसतात आणि ससे, कासवं, पक्षी असलेच पेशंट पाहतात. त्यांचा नंबर लेकीकडे होता, माझ्याकडे नव्हता. रात्रीच्या दवाखान्यातल्या मुलाचा मला राग आला नाही. त्याने माहीत नाही म्हणून सांगितलं होतं, तरी मी कागदावरचं ओळखीचं नाव बघून निघाले होते.

मॅडमना मेसेज करून ठेवला. रात्री करण्यासारखं फार नव्हतं. लेकीने फोनवरून सांगितलं तसं केलं. स्वच्छ पांढरं दुपटं घातलं म्हणजे लघवी किती वेळा आणि कशी ते दिसेल. लेंड्या मोजल्या. हो, मोजल्या. धडधाकट गिनीपिग दिवसाला शंभराच्या वर लेंड्या टाकतं, सारख्या आकाराच्या, तांदळाच्या मोठ्या दाण्यासारख्या गुळगुळीत. त्या रात्री दहा ते दोन या वेळात नऊ मिळाल्या, लहान, कोरड्या, एका टोकाला निमुळत्या. खाणं कमी झालं की असंच होतं, आणि यांच्यात खाणं थांबलं म्हणजे आतडंच थांबतं. कुत्रं एक दिवस जेवलं नाही तर आपण 'पोट बिघडलं असेल' म्हणून सोडून देतो. इथे अर्धा दिवस पोटात काही गेलं नाही तर दवाखाना गाठायचा असतो. मी कोथिंबिरीची एकेक काडी तिच्या तोंडाशी धरत बसले. दोन वाजेपर्यंत चार काड्या गेल्या. आई मधूनच उठून येऊन बघून जात होती. तिला इतक्या वेळा का उठावं लागतंय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सकाळी साडेसहाला मॅडमचं उत्तर आलं. तीन छोटी वाक्यं होती. ते औषध देऊ नका. नऊला या. उपाशी आणू नका.

खारीला खोक्यात घातलं, शेजारी गोठवलेली बाटली, हातात गवताची मूठ, आणि ऊन तापायच्या आत निघालो. तिथे पोचल्यावर काट्यावर ८८७. मॅडमनी तिला टॉवेलात गुंडाळलं, अंगावर हात फिरवला, छातीला नळी लावली, मग बारीक दिवा घालून दाढा पाहिल्या. दाढा ठीक होत्या. दोन्ही कुशींवरचे केस विंचरल्यासारखे बाजूला करून त्वचा पाहिली. वय झालेल्या माद्यांच्या अंडाशयात गाठी होतात, त्यात कुशीवरचे केस दोन्ही बाजूंनी सारखेच जातात. खारीचे गेले नव्हते. शेवटी पोटाखाली, पार मागे, बोटाने अलगद चाचपलं आणि त्या थांबल्या.

"इथे काहीतरी आहे. फोटो काढू."

एक्स-रेवर मला आधी फक्त कोंबडीच्या हाडांसारखा सांगाडा दिसला. मॅडमनी पेनाने दाखवल्यावर दिसला तो, शेपटीच्या मुळापाशी (शेपटी यांना नसतेच म्हणा, पण जिथे असायला हवी तिथे) एक पांढरा ठिपका. मूतखडा. मूत्राशयातून निघून बाहेरच्या वाटेवर, अगदी तोंडाशी येऊन अडकलेला.

माणसाच्या मूतखड्याबद्दल आपल्या घराघरात कुणी ना कुणी तज्ज्ञ असतो. पण यांचं वेगळं आहे. आपल्या अन्नातलं जास्तीचं कॅल्शियम आतडं बरंचसं आत घेतच नाही. गिनीपिग ते घेतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणून त्यांची लघवी मुळात गढूळ असते, सुकली की चुन्यासारखी पांढरी भुकटी उरते. ती दुपट्यांवर मी वर्षानुवर्षं धूत आले होते. याच कॅल्शियमचे खडे होतात, आणि कॅल्शियमचे असल्यामुळेच ते एक्स-रेवर असे लख्ख दिसतात. नराची मूत्रनळी लांब आणि अरुंद, तिथे खडा अडकला की बहुतेक वेळा कापाकापी करावी लागते. मादीची आखूड असते. लहानसा खडा कधीकधी आपला आपण पडतो, आणि तोंडाशी आलेला असेल तर भूल देऊन चिमट्याने काढता येतो.

"सहा वर्षांच्या जिवाला भूल?" नवऱ्याने विचारलं. माझ्याही तोंडावर तेच होतं.

मॅडम म्हणाल्या, जोखीम आहे, सही घेणारच तुमची. पण हा खडा पूर्ण अडला आणि लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांचाच प्रश्न राहील. हृदय चांगलं वाजतंय. आज अजून खातेय. चार दिवसांनी आणलीत तर मी हे म्हणू शकणार नाही.

आम्ही सही केली. त्यानंतर मी भाबडेपणाने विचारलं, आता काही खायला द्यायचं नाही ना? आईच्या मोतीबिंदूच्या वेळी रात्रीपासून पाणीसुद्धा बंद होतं. मॅडम हसल्या. यांना उलटी होतच नाही, त्यामुळे ती भीती नाही, आणि उपाशी ठेवलं तर आतडं थांबतं ती भीती मोठी. शेवटपर्यंत गवत खाऊ द्यायचं आणि भुलीआधी फक्त तोंडातला चारा पाण्याने धुऊन काढायचा.

आत बाहुलीला बसेल एवढ्या मुखवट्यातून भुलीचा वायू दिला. बाहेर मी भिंतीवरच्या पोपटाच्या जातींचा तक्ता तीन वेळा वाचला. वीसेक मिनिटांनी मॅडम एक झाकणाची डबी घेऊन आल्या. आत भिजवलेल्या साबुदाण्याएवढा, पिवळसर पांढरा, खरखरीत काट्याकाट्यांचा दाणा. एवढ्याशा गोष्टीने एवढ्याशा जिवाचं काय केलं असेल ते त्याला बोट लावल्यावर कळलं. मी पटकन डबी मिटली. ती अजून फडताळात हिंगाच्या डबीशेजारी आहे, कारण लेकीला बघायची आहे आणि आई ती टाक म्हणून रोज सांगते.

खारी कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीला टेकून डुलत होती. बाहेर एप्रिलचं ऊन आणि आत गरम पिशवी, पण भुलीनंतर यांचं अंग फार लवकर गार पडतं.

मला वाटलं, झालं. खरं तर काम घरी आल्यावर सुरू झालं.

औषधं तीन. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅमचे थेंब, जंतुसंसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम-सल्फाचं सिरप, ते यांना चालतं, आणि क जीवनसत्त्व. हे जीवनसत्त्व माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरातही तयार होत नाही. म्हणून तर १९०७ साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांना स्कर्व्हीचा अभ्यास यांच्यावर करता आला, अशी भर लेकीने फोनवर घातली. रात्री साडेअकराला. आजारी असताना गरज वाढते, पण किती, ते मॅडमनी वजनावर मोजून दिलं होतं. आईने तिच्या डब्यातली संत्र्याच्या चवीची चघळायची गोळी पुढे केली होती. ती पाचशे मिलिग्रॅमची निघाली. खारीची दिवसाची गरज वीस-तीस मिलिग्रॅमची.

पण औषधांपेक्षा अवघड होतं भरवणं. तिने स्वतःहून खायला सुरुवात करेपर्यंत दर तीन-चार तासांनी सिरिंजने, रात्रीसुद्धा, दिवसभरात मिळून पन्नास ते साठ मिली. आजारी गिनीपिगसाठी गवताची तयार पावडर मिळते ती मागवली, पण यायला दोन दिवस लागणार होते. तोवर तिचे नेहमीचे खाद्याचे दाणे कोमट पाण्यात भिजवून द्या, असं मॅडम म्हणाल्या. पहिल्या वेळी भिजवून चमच्याने रगडले, तर सिरिंजचं तोंडच बुजलं. जोर लावला तेव्हा सुटलं आणि सगळं माझ्या चष्म्यावर. मग आईने सांगितलं, आधी कोरडे फिरव. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दाण्यांचं पीठ केलं, चहाच्या गाळणीने चाळलं आणि मग पाणी घातलं. पातळ पेजेसारखं झालं आणि सरसर निघालं. ते चटणीचं भांडं आता खारीचं झालं. आमच्यासाठी नवं आणलं.

भरवायचं समोरून नाही. समोरचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बाजूला मोकळी जागा असते, तिथून टोक आत. एका वेळी अर्धा मिली, फार तर एक. मग थांबायचं. ती चावते, अगदी आजीबाईसारखं तोंड हलवत, मग गिळते, मग पुढचं. घाई केली तर फुप्फुसात जातं. उताणं तर धरायचंच नाही. पहिल्या रात्री दहा मिलीला मला चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्या रात्री नवऱ्याने तीनचा गजर लावला. तो मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली खारी घेऊन आणि डोळे मिटून भरवत होता, आणि सिरिंज नेमकी जागेवर जात होती. मला ते कधीच जमलं नाही.

याच भानगडीत आईचं कळलं. मंगळवारी दुपारी मी खारीचं पाणी मोजत होते. बाटलीवर पट्टी लावून किती प्यायली ते लिहायचं होतं. आईला सहज विचारलं, "पण तू ओळखलंस कसं गं? मला आवाज ऐकूनसुद्धा कळलं नाही."

आई शेंगांच्या सालींकडे बघत म्हणाली, "मलाही होतंय ना. महिना झाला."

"महिना?"

"धणे-जिऱ्याचं पाणी पितेय. उन्हाळ्यात होतंच."

एवढं बोलून ती उठली. बुधवारी सकाळी मी दोघींना घेऊन निघाले. आधी लॅबमध्ये आईचा लघवीचा नमुना, मग खारीची तपासणी. आईला जंतुसंसर्ग निघाला, आठवड्याच्या गोळ्यांत उतरला. तिच्या गोळ्यांचं नाव मी आवर्जून वाचलं आणि दोघींची औषधं वेगवेगळ्या फडताळात ठेवली. आई म्हणाली, "माझी गोळी तिला देण्याइतकी विसरभोळी मी आहे, तू नाहीस." तरी ठेवली.

तिसऱ्या दिवशी खारीने सिरिंज बाजूला सारून गवताची काडी ओढली. चौथ्या दिवशी लेंड्यांचा आकार बरोबर यायला लागला. मी त्यांचा फोटो लेकीला पाठवला आणि तिने त्याला बदाम पाठवला. काय दिवस आलेत. लघवी करताना आवाज बंद झाला होता. रविवारी वजन ८९६. नऊ ग्रॅम वाढले म्हणून घरात शिरा झाला.

आता खाण्याचं. मॅडमनी काय काय देता ते लिहून आणायला सांगितलं होतं. यादीत पहिलंच नाव लसूणघास. जवळच्या गोठ्यावरून मी दर दोन दिवसांनी कोवळी जुडी आणायची, सहा वर्षं. हिरवीगार, स्वस्त, आणि दोघी तुटून पडायच्या. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं. पिल्लांना, गाभण माद्यांना चांगली, मोठ्या वयाला रोज नको. खाली पालक होता, तोही आठवड्यातून तीनदा. मॅडमनी दोन्हींवर काट मारली. खडा होण्याचं एकच कारण सांगता येत नाही, वय, पाणी कमी पिणं, हालचाल कमी होणं सगळंच त्यात येतं, असंही त्या म्हणाल्या. ते मला बरं वाटावं म्हणून असेल, खरंही आहे. पण लसूणघासाची जुडी दिसली की अजून पोटात कालवतं.

आता मुख्य खाणं साधं सुकं गवत. विकतचं टिमोथी जातीचं गवत महाग पडतं, म्हणून अर्धं ते आणि अर्ध्या दूर्वा. औषध न मारलेल्या, धुऊन निथळलेल्या. मंडईजवळच्या फुलवालीला पहिल्यांदा वीस रुपयांच्या दूर्वा मागितल्या तेव्हा ती म्हणाली, "ताई, संकष्टी गेली की परवा." गिनीपिगसाठी म्हटल्यावर तिने विचारलं, "म्हणजे उंदीरच ना? मग बरोबर आहे, वाहनाला पण लागतं." हल्ली ती न मागता जुडी मोठी बांधते.

पाणी बाटलीबरोबर मातीच्या जड वाटीतही ठेवतो. वाटीतलं ती जास्त पिते. भाज्या धुतल्यावर निथळत नाही, ओल्याच देतो. ढोबळी मिरची रोज. ताटली पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे चार पावलं तरी चालावं लागतं.

सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. अडकलेलं काही नव्हतं, मूत्राशयाच्या तळाशी किंचित वाळू दिसली. खडे पुन्हा होऊ शकतात, बऱ्याच जणींना होतात. दर तीन महिन्यांनी फोटो काढायचा ठरलं आहे. वजनात पन्नास ग्रॅमची घट दिसली तर फोन करायचा आणि शंभराची दिसली तर फोन न करता थेट यायचं, एवढं मॅडमनी फाइलवर लिहून दिलं आहे. शिट्टी मेच्या मध्यावर परत आली. आधीसारखी खणखणीत नाही, पण फ्रिजचं दार उघडल्यावर येते. कान शाबूत होते तिचे.

नवरा बँकेत होता. त्याने एक केलं. जूनचं पान लावलं तेव्हा पहिल्या रविवारच्या आधीच, वरच्या कोपऱ्यात, लाल पेनाने लिहिलं: 'मागील बाकी ९३१'. जुलैच्या पानावर मागील बाकी ९३८. आणि आता पानावर चौथी नोंद सुरू झाली आहे. आईच्या पाण्याचे पेले, रोजच्या चौकोनात पेन्सिलीच्या उभ्या रेघा, तिच्या स्वतःच्या हातच्या. रोज बरोब्बर आठ. काल मी दिवसभर घरीच होते. मला पाचच दिसले होते.